शेळ्यांची लस आणि देवणी गोऱ्हा

रेणापूरकडच्या गावांत लम्पीची लस टोचून टोचून जनावरांच्या दवाखान्यातला सिद्धलिंग पार आंबून गेला होता. मल्लम्माकाकूंनी गाठी उठलेली गाय पुढं केली आणि धडधाकट देवणी गोऱ्हा मागंच बांधून ठेवला.

"हिला टोच बाबा. गोऱ्ह्याला काय धाड भरली न्हाई."

"काकू, हिच्या अंगात विषाणू शिरलाय. त्याला एकट्याला वाढता येत न्हाई. पेशीत घुसतो अन् तिच्याच सामानावर आपल्यासारखे हजारो बनवून घेतो. आता टोचून उपेग न्हाई. लस धडधाकटाला असती."

"ही तर शेळ्यांच्या देवीची लस म्हणं! माझा गोऱ्हा काय ब्यां ब्यां करतोय व्हय?"

"लम्पी अन् शेळ्यांची देवी एकाच खानदानातले, काकू. एकाला वळखलं की अंग दुसऱ्यालाबी वळखतं."

सकाळपासून दारोदार हेच सांगून त्याच्या घशाला कोरड पडली होती. तो तिथंच दगडावर बसला. काकू गायीच्या मानेवरच्या गाठी चाचपत राहिल्या. मग गोऱ्हा सोडायला निघाल्या.

"काकू," तो बसल्या जागेवरून म्हणाला, "आधी साबणानं हात धुवा."