देवकवार लावलेल्या मुली

चाळिशीत मला वाटायचं, ओतूर-राजुरीकडची लग्नं माझ्यावाचून अडतात. बुटाच्या खोक्यात मी स्थळांची कार्डं ठेवायचे. एका मुलाला किंवा मुलीला एक कार्ड. देवकाप्रमाणे गठ्ठे, कारण एका देवकात सोयरीक होत नाही. पुढच्या बाजूला शाईनं शिक्षण, उंची, रंग, चौकशी कुणाकडे. मागं पेन्सिलीनं, बायांकडून कळलेलं: 'दात पुढं.' 'तोंडाळ.' 'एकदा मोडलंय.'

बाजारच्या दिवशी बाया यायच्या, पिशवी उंबऱ्याशी टेकवायच्या. "वैनी, आमचं देवक पंचपल्लव, ते सोडून काढा बरं एखादा पोरगा." मग मी चष्मा नाकावर ओढून गठ्ठा असा चाळायचे, जणू तालुका माझ्याच सहीनं चालतो.

माझी लेक लग्नाची झाली तेव्हा तिचंही कार्ड केलं. ती पाच फूट भरली, मी पाच-तीन लिहिलं. रंग सावळा, मी 'गव्हाळ' लिहिला. मागची बाजू कोरी. म्हटलं, पट्टी घेऊन कोण येतंय.

आंबेगावकडचे पाहुणे आले. लेक पाणी घेऊन बाहेर आली. मुलाच्या आईनं पिशवीतून मी पाठवलेली कार्डाची नक्कल काढली, वाचली, लेकीकडं पाहिलं नि मला म्हणाली, "ही न्हाई वैनी. कार्डावरली बोलवा की."

सगळे हसले. मीही हसले.

पाहुणे गेल्यावर लेकीनं खोकं मांडीवर घेतलं आणि एकेक कार्ड उलटं करून वाचलं. तिच्या वर्गातल्या मुलीही होत्या त्यात.

"लोकांच्या पोरींचं खरं लिहिलंस. माझंच तेवढं खोटं."

"तुझ्या भल्यासाठी गं."

"न्हाई. मी हाय तशी तुलाच चालत नव्हते."

आणि मी शहाणी काय बोलले? "गठ्ठे मिसळू नको, परत लावायला दिवस जातो."

महिन्याभरात ती पुण्याला नोकरीला गेली. लग्न तिचं तिनं ठरवलं. मला आठ दिवस आधी फोन, तोही वडिलांच्या फोनवर. जावयाचं देवक मी विचारलं नाही. आता सणाला येते, जेवते, दिवस कलायच्या आत निघते.

कार्डं मी बंबात घातली. घालताना तिच्या गठ्ठ्यात एक नवं सापडलं, तिच्या अक्षरातलं. उंची पाच फूट. रंग सावळा. 'चौकशी कुणाकडे' या ओळीपुढं लिहिलेलं: 'आईकडे करू नये.'

तेही बंबात टाकलं. खोटं असतं तर ठेवलं असतं.