कोटेशनवर न येणारा कप्पा

आमच्या नांदेडच्या कारखान्यात लोखंडी कपाटं बनतात आणि नांदेड, लातूर अशा दोन शोरूममधून विकली जातात. पूर्वी गिऱ्हाइकाची मागणी शोरूमवाले फोनवर कळवत आणि कधी कधी भलतंच कपाट तयार होई. मुखेडच्या एका लग्नघरी गुलाबीऐवजी हिरवं गेलं, तेव्हा मालकांनी कोटेशनचं सॉफ्टवेअर घेतलं. मालकांना सगळे चाचा म्हणतात. त्यांनी बजावलं, यापुढे फोनवर काही घ्यायचं नाही. पडद्यावर असेल तेच बनेल.

त्यात ऑप्शन भरायचं काम माझ्याकडे आलं. दारं किती, रंग कोणता, आरसा आत की बाहेर, लॉकर हवा की नको. मग त्यांचे नियम, म्हणजे एक निवडलं की दुसरं आपोआप बंद व्हायला हवं किंवा सोबत यायला हवं. मला हे आवडलं, कारण यात बोलावं लागत नव्हतं. मी इंग्रजी शाळेत शिकले. माझं मराठी पुस्तकातल्यासारखं येतं, लोक हसतात, म्हणून मी कमी बोलते.

लातूरच्या शोरूममध्ये विक्री बघणाऱ्या काकांना सॉफ्टवेअर शिकवायला गेले, त्याच दुपारी जळकोटकडची दोन घरं आंदणाचं कपाट बघायला आली. बोलत होते ते फक्त नवऱ्या मुलाचे मामा.

"आरसा भाईरून पायजे. आल्या-गेल्याला दिसला पायजे."

"हाव, दिसंल की," काका एका बोटाने माऊस दाबत म्हणाले. "मामा, तुम्हीच दिसाल त्यात सगळ्यात आधी."

सगळे हसले. तीन दारांचं कपाट ठरलं आणि मुलाकडची मंडळी समोर चहाला गेली. नवरी रंगांची कार्डं बघत राहिली. तिची आई माझ्या खुर्चीजवळ आली.

"ताई, ह्याच्यात चोरकप्पा बसतो का? त्यांच्याकडच्या कुणाला कळू न देता?"

कशासाठी, हे मी विचारलं नाही. पण ते माझ्या चेहऱ्यावर आलं असावं.

"माझ्या कपाटात न्हवता," ती म्हणाली. "तेवढंच."

मी काकांकडे बघितलं.

"आमी फोनवर सांगायचो," ते हळूच म्हणाले. "लई बाया मागतात. कागदावर कधी आणला न्हाई. आता फोनच बंद केला तुमच्या चाचांनी. राहू द्या, पुढच्या येळी बघू."

पुढच्या वेळी म्हणजे कधी? या मुलीचं लग्न एकदाच होणार होतं. मी 'चोरकप्पा' नावाचा ऑप्शन तयार केला, किंमत टाकली आणि कोटेशन कसं दिसतं ते पाहिलं. लॉकरच्या खालच्या ओळीत, ठळक अक्षरांत, चोरकप्पा. हा कागद मामांच्या व्हॉट्सअॅपवर जाणार होता आणि तिथून सगळ्या पाहुण्यांत.

सॉफ्टवेअर कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. इंग्रजीत मला वाद घालता येतो. तिकडचा माणूस सांगत राहिला, किंमत असलेली ओळ छापली जाणारच. मी विचारत राहिले. शेवटी तो म्हणाला, किंमत शून्य असेल तर ती ओळ कोटेशनवर लपवता येते, कारखान्याच्या कागदावर मात्र राहते.

म्हणजे चाचांना विचारणं आलं. मी त्यांना नेहमी मेसेज करते. त्या दिवशी फोन केला.

"फुकट?" ते ओरडले. "पत्रा काय माझे सासरे पाठवून राहिले का?"

"फुकट नाही, चाचा. लॉकरच्या भावात धरू. लॉकर घेतला तरच चोरकप्पा निवडता येईल, असा नियम घालते."

"मागतंय कोण?"

"ते सांगता येणार नाही."

फोनवर वेल्डिंगचा आवाज येत होता. मला वाटलं, आता पुन्हा ओरडतील.

"बराबर हाय, बेटा," ते म्हणाले. "नको सांगू. कर."

मी किंमत शून्य केली, नियम घातला, ऑप्शन निवडला. कोटेशनवर ओळ नव्हती. तेवढ्यात मंडळी परत आली. मामांनी पडद्यासमोर खुर्ची ओढली आणि एकेक ओळ मोठ्याने वाचू लागले. दारं, रंग, आरसा. लॉकरवर थांबले.

"हे कशाला? सोनं आमच्यात बँकेत असतंय. काढा लॉकर."

लॉकर काढला की चोरकप्पा जाणार. मीच घातलेला नियम होता तो. काकांचं बोट माऊसवर होतं. नवरीच्या हातातली कार्डं हलायची थांबली.

"मला जरा द्या," म्हणत मी माऊस घेतला आणि पडदा माझ्याकडे वळवला. सेटिंग उघडलं, तीन दारांच्या कपाटाला लॉकर सक्तीचा केला आणि पडदा परत मामांकडे फिरवला.

"निघत नाही, मामा," मी म्हणाले. "तीन दारांच्या कपाटात लॉकर असतोच."

"अहो, मॅडम, काढून तर बघा."

मी त्यांच्यासमोर क्लिक केलं. लाल अक्षरात सूचना आली. पुन्हा केलं, पुन्हा आली.

"मामा, हे आमचं बी ऐकत न्हाई," काका कपाळाला हात लावत म्हणाले. "घरी मंडळी आन् हितं हे."

मामा हसले आणि त्यांनी व्हॉट्सअॅपचा नंबर सांगितला. नवरीने रंग निवडला, मोरपंखी. जाताना आईने एका रंगाच्या कार्डामागे आपला नंबर लिहून माझ्या हातात ठेवला.

नांदेडला परतल्यावर आमच्या फिटरचा फोन आला.

"ताई, कागदावर चोरकप्पा हाय, पण जागा लिहिल्याली न्हाई. कुठं बसवू?"

जागेचा रकाना मी मुद्दाम ठेवला नव्हता. कागद कारखान्यात कितीतरी हातांतून जातो.

"मुलीच्या आईचा नंबर देते. त्यांना विचारून बसवा, आणि मला सांगू नका."

"पण चाचा म्हणले ना, फोनवर काही घ्यायचं न्हाई?"

"एवढ्यापुरता चालेल," मी म्हणाले. "चाचांशी मी बोलते."