दुसऱ्याचं गाऱ्हाणं

उभ्या उस्मानाबाद जिल्ह्यात आमच्या सहकाराच्या सरांइतका भांडणांचा शौकीन माणूस झाला नाही. दुष्काळात लोक पाण्याचा माग काढत, सर भांडणाचा. दूध सोसायटीच्या चेअरमनला कोंडल्याचं कानावर आलं, की सायकलला खडूचा डबा अडकवून हे हजर. सरकारनं त्यांना गावोगाव सहकार शिकवायला नेमलं होतं, पण जिथं गोडीगुलाबी आहे तिथं शिकवायचा त्यांना कंटाळा. एका पार्टीचा चहा घेतला की दुसऱ्या पार्टीचा घ्यायचाच. तीन गटांच्या गावात त्यांचं पोट हमखास बिघडे. पुस्तक कधी उघडलं नाही. नियम एकच: आपलं गाऱ्हाणं सांगायचं नाही, समोरच्याचं सांगायचं, आणि तो ‘व्हय, हेच’ म्हणेपर्यंत खाली बसायचं नाही. बांधावरून भांडणाऱ्या अणदूरकडच्या दोघा भावांना त्यांनी असं दुपारभर उभं केलं. शेवटी दोघांना एकमेकांचं म्हणणं इतकं पटलं, की थोरला धाकट्याच्या बाजूनं आणि धाकटा थोरल्याच्या बाजूनं नव्यानं भांडू लागला. सर खूश. म्हणाले, “प्रगती आहे!”

बेंबळीच्या पुढं आमचं गाव. तिथल्या विहीर सोसायटीचा मी सेक्रेटरी आणि सरांचा लाडका विद्यार्थी. माझं अक्षर सुरेख, म्हणून सभेचं इतिवृत्त मी आदल्या दिवशीच लिहून ठेवी. प्रत्येक ठरावापुढं ‘एकमताने मंजूर’. कागदावर प्रत्येक सभासदानं आपल्या हातानं पाणी शेंदायचं होतं. प्रत्यक्षात बौद्ध वस्तीतल्या बायका पायरीवर बसून राहत. कुणाला दया आली तर तो वरून त्यांच्या घागरीत ओती. नाही आली तर ऊन उतरेपर्यंत बसायचं. हे मी रोज बघत होतो आणि माझी घागर भरून घरी नेत होतो.

एका उन्हाळ्यात सर परदेशी पाहुणे घेऊन आले. त्यांच्या देशांत लढाया चालू होत्या, आणि भांडलेली माणसं एकत्र कामाला कशी लावावीत, हे ते सरांकडून शिकत होते. “आमची गावं बघून त्यांना घरच्यासारखं वाटेल,” सर येडशी स्टेशनवरच म्हणाले होते. मी त्या सकाळी वस्तीतल्या बायकांना पुढं उभं केलं आणि त्यांच्यातल्या सखुबाईंच्या हातात दोर दिला. सगळं छान दिसत होतं. एका पाहुण्यानं विचारलं, “या बाई इथं कधीपासून पाणी काढतात?” सरांनी मराठीत विचारलं.

सखुबाई म्हणाल्या, “आज सकाळपासनं. पावणे गेले की आमी हायच पायरीवर. आमचा हात लागला की हीर बाटती म्हणं.”

सर माझ्याकडं वळले. “सेक्रेटरी, सखुबाईंचं गाऱ्हाणं तुम्ही सांगा. मी पाहुण्यांना सांगतो.”

मला ते तोंडपाठ होतं. सेक्रेटरीनंच सगळ्यांदेखत सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी त्या बाईच्या हातातला दोर काढून घ्यायची कुणाची छाती झाली नसती. पण समोर माझे वडील उभे होते, चेअरमन उभे होते. मी वही उघडली आणि आदल्या दिवशी लिहिलेलं वाचलं: “पाहुण्यांनी समाधान व्यक्त केले.”

सरांनी ते भाषांतर केलं नाही. आमच्यापैकी कुणाकडं चहा घेतला नाही. सखुबाईंच्या घागरीतलं पाणी ओंजळीनं प्याले आणि पाहुण्यांना घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी सखुबाई पायरीवर होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. लाज वाटली, आणि मी तशीच घागर भरून घरी गेलो.

पुढं सरांची बदली झाली. दर दिवाळीला त्यांचं कार्ड येई, एका ओळीचं: “गाऱ्हाणं सांगून झालं का?” मी एकालाही उत्तर पाठवलं नाही. मग कार्ड यायचं थांबलं.

आता गावात नळ आहे आणि विहिरीकडं कुणी फिरकत नाही. मी मात्र अधूनमधून जातो, त्या पायरीपाशी उभा राहतो आणि सखुबाईंचं गाऱ्हाणं पहिल्यापासून सांगतो, काही न गाळता. म्हातारपणानं गुडघे दुखतात. पण ‘व्हय, हेच’ म्हणायला सखुबाई राहिल्या नाहीत, आणि सरांच्या नियमाप्रमाणं मला खाली बसता येत नाही.