गोडं चालेल

शांतम्मा दमली होती, आणि दमलेय असं म्हणायचाही तिला कंटाळा आला होता. सहा वर्षं नवऱ्याचं पोट सांभाळणं हेच तिचं काम होऊन बसलं होतं. अमृतराव लातूरजवळच्या मुरुडात करडीच्या तेलाचा घाणा चालवायचे. त्यांच्या मोठ्या आतड्याला सूज होती. दिवसातून दहा-दहा वेळा जावं लागायचं, रक्त पडायचं. चार महिने बरे जात, मग पुन्हा तेच. औषधाच्या वेळा, धुणं, लग्नाच्या पंगतीतून अर्ध्यावर उठून घरी येणं, सगळं तिच्याच अंगावर. माहेरी दोन दिवस निवांत राहिल्याचं तिला आठवत नव्हतं.

पहिल्याच वर्षी लातूरच्या डॉक्टरांनी पथ्य सांगितलं होतं. डॉक्टर पुण्याकडचे, बोलणं भरभर. "तळलेलं बंद, तेल कमी. गोड चालेल थोडं." आता शांतम्माच्या घरी तेल म्हणजे दुकानातलं, पिशवीतलं. घाण्यावरच्या करडीच्या तेलाला ते सगळे नुसतं 'गोडं' म्हणत. तिनं ऐकलं, गोडं चालेल. तिचा जीव भांड्यात पडला.

त्या दिवसापासून पिशवीचं तेल घरात आलं नाही, आणि गोडं मात्र सढळ हातानं. शेंगाच्या चटणीवर धार, आमटीवर तवंग, भाकरीचा काला त्यात भिजवलेला. घाणेवाल्याच्या बायकोनं हात आखडता का घ्यावा? नवरा वाळलेला दिसला की ती आणखी एक पळी वाढायची. माया होती ती, दुसरं काय.

यंदा पुन्हा दुर्बीण घालून आतडं बघितलं, एक तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्टच्या दिवशी दोघं डॉक्टरांपुढं बसली. कॅन्सर आहे की नाही, एवढंच तिला ऐकायचं होतं. डॉक्टर मात्र आधी खाण्याचं विचारत बसले. तिनं सांगितलं सगळं, पळीसकट.

"एवढं तेल?"

"तेल कुठंय? गोडं हाय. तुमीच म्हणला हुता की, गोडं चालेल म्हून."

डॉक्टरांना उमगायला जरा वेळ लागला. "मावशी, मी साखर-गुळाचं म्हणालो होतो."

मग डॉक्टरांनी रिपोर्ट समोर घेतला. कॅन्सर होता. लवकर सापडला होता, ऑपरेशन करता येणार होतं.

"माज्या हातानं झालं का हे?" तिनं विचारलं.

"तसं म्हणता येत नाही," डॉक्टर सावकाश बोलले. "सूज वर्षानुवर्षं राहिली की धोका वाढतो. फार तेलानं सूज वाढते का, यावर अजून अभ्यास चालू आहे. तुमच्या तेलानंच झालं, असं कुणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही."

नाही असंही त्यांनी म्हटलं नव्हतं, आणि तिला तेवढंच ऐकू आलं.

बसस्टँडवर ती बाकड्यावर बसून पदरात रडली. अमृतराव खाली बघत म्हणाले, "रडू नगंस. डॉक्टर काय म्हणला ते मला तवाच कळलं हुतं."

"काय कळलं हुतं?"

"गोड म्हंजी साखर. कोरडी भाकर घशाखाली उतरंना गं मला. तुला सांगितलं असतं तर तू वाढायची थांबली असतीस."

शांतम्मानं डोळे पुसले. दोष आपल्या एकटीचा नाही, हे कळून बरं वाटायला हवं होतं. उलट तिला असा राग आला की सहा वर्षांचा शीण त्यापुढं काहीच नव्हता.

"थांबले असते की," ती म्हणाली. "त्याच्यासाठीच सांगायचं असतंय."

मुरुडची गाडी लागली. त्यांना हात न देताच ती उठून चालू लागली. चार पावलांवर थांबली, परत आली, आणि हात देऊन तिनं त्यांना उठवलं.