पाच-तीस की वीस-पन्नास

अन्वर मेला, आणि आमचं भांडण अजून चालूच आहे.

भांडण इंजिन ऑइलचं. हसू नका.

आज त्याला जाऊन चाळिसावा दिवस. दुपारी फातिहा झाली, त्याच्या घरी जेवलो आणि आता उदगीरच्या त्याच्याच गॅरेजमध्ये बसून हे टाइप करून राहिलो. काय लिहायचं ते कळंना.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. मी नांदेडला इंजिनिअरिंग अर्धवट सोडलं. माझ्या मैत्रिणीबद्दल, प्रज्ञाबद्दल वाकडं बोलला म्हणून एकाला कँटीनमध्ये हाणलं. कॉलेजनं काढलं नव्हतं, मीच परत गेलो नाही.

प्रज्ञानं नंबर ब्लॉक केला.

का, ते आजपर्यंत समजलं नाही. मारलं तर तिच्यासाठीच ना?

मग इथं मामाकडे आलो. अन्वर त्याच्या अब्बांच्या गॅरेजात काम करायचा, मीही तिथंच लागलो.

"तिला मेसेज नको करू, इंजिनिअर," तो म्हणायचा. "तापलेल्या गाडीच्या रेडिएटरचं झाकण कुणी उघडतंय का? थंड होऊ दे."

त्या उन्हाळ्यात गावाबाहेरचं तळं आटलं. लोक तिथं झरे खोदून राहिले होते. अन्वरला तिथं रेसचा ट्रॅक दिसला.

भंगारातली आठशे सीसीची जुनी कार उचलली. मागचं सीट काढलं, उलटली तर टप दबू नये म्हणून आत पाइप वेल्ड केले. लातूरची, नायगावची आमच्यासारखीच येडी पोरं गाड्या घेऊन यायला लागली.

उदगीर नवा जिल्हा होणार अशी बातमी आली की हा खूश. "झाला की आपण डायरेक्ट डिस्ट्रिक्ट चॅम्पियन. जिल्ह्यात दुसरी रेस कार हाय कुठं?"

एकदा त्यानं गिअरबॉक्समध्ये ट्रॅक्टरचं उरलेलं ऑइल ओतलं. दुसरा गिअर असा किंचाळला की तळ्यातल्या शेळ्या पळाल्या. मी बरोबर ग्रेडचं आणून भरलं. गिअर गुपचूप पडायला लागले.

"बरं," तो म्हणाला, "गिअरबॉक्स तुझा. इंजिन माझं. माझ्या इंजिनात बोलायचं न्हाई."

मी बोललोच.

त्याला पाच-तीस पाहिजे होतं, म्हणजे पातळ. मला वीस-पन्नास, जाड.

"जाड ऑइल ढकलण्यातच अर्धी ताकद जाती बे."

"अरे बाहेर त्रेचाळीस डिग्री हाय! घासलेलं इंजिन हाय. तुझं पातळ ऑइल तापून पाणी होईल."

"स्वतः डिग्री घेतली न्हाईस अन् मला डिग्री शिकवून राहिलास?"

हट्टानं पाच-तीसचा डबा घेऊन आला. दुकानात डबा फिरवून फिरवून सील बघणारा माणूस. पाणी मात्र मिळेल ते प्यायचा.

डबा उघडायच्या आधीच कावीळ झाली. त्यातच गेला.

आता या रविवारी कोरड्या तळ्यात रेस आहे. गाडीच्या दारावर त्याचं नाव रंगवलंय. गाडी पळालीच पाहिजे, असं अब्बांचं म्हणणं.

मी विचारलं, ऑइल कोणतं टाकू?

"तेरेकू जो सही लगता वोइच डाल, बेटा."

हेच तर कळत नव्हतं. त्याचं टाकलं आणि इंजिन बसलं, तर त्याची गाडीच संपली. माझं टाकलं, तर त्याचं इंजिन मी हिसकावल्यासारखं.

आज सकाळी त्याचं टाकलं.

गाडी काय पळाली! खरंच हलकी वाटली. मोठ्यानं ओरडलो, "अन्वर्‍या, जिंकलास!"

तिसऱ्या चकरेनंतर थांबलो. इंजिन नुसतं चालू होतं आणि ऑइलचा लाल दिवा फडफडायला लागला. प्रेशर पडलं होतं. लगेच बंद केलं.

थंड झाल्यावर सगळं काढलं. फेकवलं नाही. परत त्याच्याच डब्यात भरून ठेवलं. का, माहीत नाही. मग वीस-पन्नास टाकून तेवढ्याच चकरा मारल्या.

दिवा लागला नाही.

दुपारी जेवताना अब्बांना सांगितलं. ते हसले. "वो रहता तो मानता क्या? बोलता, बल्बच खराब है." आणि हसता हसता ताटावरून उठून आत गेले.

रविवारी वीस-पन्नासवर पळवणार आहे.

मी बरोबर होतो. आनंद व्हायला पाहिजे. राग येऊन राहिला, कुणावर ते समजंना.

अल्लाह तुला आराम देवो, अन्वर्‍या.

हे एक भांडण मला हरायचं होतं.