हातभर अंतरावरची आई

त्याला घरीदारी आणि ऑफिसात सगळे 'दुर्बीण' म्हणत. आणि त्यांचं तरी काय चुकलं? वर्तमानपत्रासाठी सामन्यांचे फोटो काढणारा हा माणूस जन्मभर हाताएवढी लांब लेन्स खांद्यावर टाकून हिंडला. खेळाडूच्या कपाळावरचा घाम त्याला मैदानाच्या पलीकडून दिसायचा. समोरच्या खुर्चीतल्या माणसाशी दोन शब्द बोलायचे म्हटले की मात्र साहेबांची दातखीळ बसायची. "अहो, ती तोफ आधी खाली ठेवा, मग बोला," असं बायको रोज म्हणायची. पुढे पुढे तिनेही ते सोडून दिलं.

आई दिवसभर खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेली असायची. हा येता-जाता दारातूनच "जेवलीस का?" म्हणून विचारायचा आणि पुढे सटकायचा. तिची नजर काही वर्षांपासून आटत चालली होती. लांबचं सगळं धुकं, अगदी जवळ धरलेलं तेवढं दिसायचं. परवा डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला बाजूला घेतलं. "उरलंय तेही फार दिवस टिकणार नाही," त्या म्हणाल्या. "त्यांना जे बघायचंय ते बघून घेऊ द्या."

घरी येऊन त्याने आईचे सगळे फोटो कॉम्प्युटरवर उघडले. फोटो झकास होते, त्यात वादच नाही. आई कपडे वाळत घालताना, आई पायऱ्या उतरताना, आई डुलकी काढताना. सगळे गॅलरीतून नाहीतर फाटकाबाहेरून चोरून टिपलेले. एकाही फोटोत ती त्याच्याकडे बघत नव्हती. आई आपल्याकडे बघतेय असा एक फोटो हवा, आणि तो तिला दिसतंय तोवर हवा, हे त्याच्या मनाने घेतलं. मग त्याला दुसरं काही सुचेना.

पहिला प्रयत्न सवयीनेच झाला. दारात उभं राहून त्याने तोफ रोखली आणि हाक मारली. आईने मान वळवली, पण नजर त्याच्या खांद्यावरून भिंतीकडे गेली. "कोण आलंय गं?" तिने सुनेला विचारलं. मग आखूड लेन्स लावून तो जवळ गेला. "तोंडापुढे काय धरलंयस रे? काळं काळं दिसतंय नुसतं," आई म्हणाली. खरंच होतं तिचं. त्या थोराड कॅमेऱ्याने त्याचा चेहरा पार झाकून टाकला होता.

जुने कॅमेरे विकणारा दुकानदार त्याचा कॉलेजातला दोस्त; त्याच्याकडे जाऊन याने सगळी हकिकत सांगितली. दुपारची वेळ, दुकानात चिटपाखरू नाही. काचेच्या कपाटांत ऊन शिरलं होतं आणि प्रत्येक लेन्सच्या पोटात समोरची खिडकी इवलीशी होऊन तरंगत होती. दुर्बीण एकेक लेन्स डोळ्यापुढे धरून बघत बसला. एकीतून रस्ता दूर दूर पसरत गेला, दुसरीतून पलीकडच्या गच्चीवरचं धुणं हाताशी आलं. कुठल्या खोलीतून कुठल्या खोलीत चाललोय, असं त्याला वाटायला लागलं.

"ती रुंद लेन्स ठेव खाली," दोस्त म्हणाला. "आईचं नाक बटाट्याएवढं येईल. मग मार खाशील!"

शेवटी एक जुनी, धातूची, मधल्या मापाची लेन्स त्याच्या हातात बसली. फोकसचं कडं कसं अगदी लोण्यातून फिरल्यासारखं फिरत होतं. कॅमेरा मात्र दोस्ताने निवडला. चिमुकला होता, डोळा लावायची खिडकीच नव्हती. पाठीवरचा चित्र दाखवणारा पडदा वर उघडायचा, कॅमेरा मांडीवर धरायचा आणि वरून बघायचं.

"डोळा न लावता फोटो? आपल्याला नाही जमायचं बुवा."

"अरे, तुझं थोबाड मोकळं राहतं ना? मग झालं तर!"

जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसवायला मध्ये एक जोडकडी लागते. काउंटरवर तिच्याशेजारी आणखी एक कडी पडली होती. घाईघाईत दुर्बिणीने दोन्ही बसवल्या आणि तो निघाला.

घरी आईसमोर स्टुलावर बसून त्याने पडदा उघडला, तर काहीच स्पष्ट दिसेना. कडं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, तरी तेच. त्याने दोस्ताला फोन लावला.

"गाढवा, मुंग्याकिड्यांच्या फोटोची कडी घेऊन गेलास!" दोस्त ओरडला. "तिच्यातून हातभर अंतरापलीकडचं काही स्पष्ट यायचं नाही. ये परत, काढून देतो."

तो उठणार तेवढ्यात त्याचं लक्ष पुन्हा पडद्याकडे गेलं. खिडकी म्हणजे उजेडाचा एक गोळा, खुर्ची म्हणजे सावली, आणि तिच्यात आई म्हणजे नुसता फिकट रंग. आईला आपण असेच दिसत असणार, त्याच्या मनात आलं. रोज, दारातून.

तो परत गेला नाही. स्टूल पुढे सरकवलं, आणखी सरकवलं. गुडघ्यांना गुडघे लागले. तरी धूसरच. मग तो पुढे वाकला. आधी तिच्या पापण्या दिसायला लागल्या, मग गालावरची लव, मग डोळे.

"कोण, तू?" आई म्हणाली. तिने हात वर करून त्याच्या कपाळावरून मागे फिरवला आणि हात केसांतच थांबला. "अरे, केस पिकले की तुझे सगळे! मला कुणी सांगितलंच नाही."

त्याने बटण दाबलं.

बायकोने तो फोटो पाहिला. "छान आलाय. पण आई लेन्सकडे कुठे बघतायत? वरच बघतायत कुठेतरी."

"तिथे मी होतो," तो म्हणाला.