विलासचं एकट्याचं नाव

माझा दोस्त विलास गेल्याचं मला शीतलने फोनवर सांगितलं. चाळीसगावच्या छापखान्यात दुपारी खुर्चीवर बसल्या बसल्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी जळगावहून निघालो. बसमध्ये मोबाइल उघडला, तर धुळ्याच्या नानाचा संदेश आधीच फिरत होता : 'माझा उजवा हात गेला.' खाली फोटो नानाचाच, सत्काराची शाल पांघरलेला. विलास कडेला अर्धा कापलेला. माझं डोकंच फिरलं. विलास कुणाचा हातबित नव्हता. त्याला स्वतःचे दोन हात होते आणि ते जन्मभर दुसऱ्यांची नावं जुळवण्यात गेले. या नानाचं पूर्ण नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं तर पुन्हा त्याचंच नाव छापून यायचं, आणि हे कात्रण तो आपल्या क्लासच्या भिंतीवर लावायचा.

विलास छापखान्यात लग्नपत्रिका जुळवायचा, म्हणजे त्यांच्या मजकुराची अक्षरं लावायचा. आमच्या खानदेशात पत्रिका हे काय प्रकरण असतं, ते ज्याने छापली त्यालाच कळतं. निमंत्रक, विनीत, व्यवस्थापक, मामा, मावसे, आणि तळाशी 'आमच्या काकाच्या लग्नाला नक्की या' म्हणणारी, अजून धड बोलताही न येणारी पोरं. एक नाव सुटलं की तो माणूस मांडवात येतो, पण जेवायला बसत नाही. साक्रीकडच्या एका लग्नात नवरीच्या आत्याच्या यजमानांचं नाव राहून गेलं. चूक घरच्यांची होती. तरी विलासने त्या नावाच्या चिठ्ठ्या छापल्या आणि एकेका पत्रिकेवर स्वतः चिकटवत बसला. मी हसलो तर म्हणाला, "हस, हस. तुनं नाव ऱ्हायनं म्हंजे समजी." आणि पुन्हा डिंकाच्या बाटलीत बोट घातलं.

आम्ही काही जणांनी मिळून एक खेळ बनवला, त्याची कल्पना विलासचीच. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी होते, तसाच मोबाइलवरचा खेळ. एकाने वांगी भाजायची, दुसऱ्याने सोलायची, तिसऱ्याने बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचायची. एकाने घाई केली की सगळ्यांचं भरीत बिघडतं. कुणीही खेळ बनवून जगाला खेळायला देऊ शकतो अशी एक जागा इंटरनेटवर आहे, ती नानाने दाखवली. एवढं श्रेय त्याचं, मी नाकारत नाही. धुळ्यात त्याचा कॉम्प्युटर क्लास आहे. पहूरची शीतल तिथेच शिकली, आणि खेळ चालतो तो तिने लिहिलेल्या प्रोग्रामवर. मी शाळेत चित्रकला शिकवतो, चित्रं माझी. आवाज साक्रीच्या रमेशने गोळा केले, खरीखुरी वांगी ठेचून, घरचे वैतागेपर्यंत. नियम आणि पात्रांचे संवाद विलासचे. खातं कुणाच्या नावाने उघडायचं यावर आम्ही दोन शब्दही बोललो नाही. नाना वयाने मोठा. पत्रिकेत पहिलं नाव मोठ्याचं असतं, बाकीच्यांची खाली येतातच... तसंच इथेही होईल, असं आम्ही खानदेशी शहाणे धरून चाललो. पण तिथे खातं ज्याचं, तोच कर्ता. इतरांची नावं ठेवायची की पुसायची, ते त्याच्या मर्जीवर.

विलासने नावांचं पान अगदी पत्रिकेसारखं केलं होतं. वर 'आपले विनीत', मध्ये आम्ही सगळे, तळाशी ज्यांनी खेळ खेळून चुका दाखवल्या ती गल्लीतली पोरं. बघितलं की हसू यायचं आणि बरंही वाटायचं. पुढे खेळ चालला, त्या जागेच्या पहिल्या पानावर झळकला, आणि नानाने ते पान उडवलं. म्हणे, "परदेशातले लोक बघतात. लग्नपत्रिका वाटते ती." खाली एकच नाव राहिलं. धुळ्यात त्याचा सत्कार झाला, तेव्हा आम्ही सगळे समोर बसलो होतो. हा गृहस्थ माइक धरून सांगत होता की चार भिंतींत, एकट्याने, रात्रीचा दिवस करून... विलास उभा राहिला आणि म्हणाला, "नाना, शीतलचं नाव घ्यायचं राहिलं." नाना हसला. "अरे, टीम म्हणजे मीच ना!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांचा राग मला आजही येतो.

बरं, ही नुसती मानपानाची गोष्ट असती तर मी गप्प बसलो असतो. शीतल पुण्याला नोकरीच्या मुलाखतीला गेली. तिने हा खेळ दाखवला. समोरच्यांनी तिथल्या तिथे ते पान उघडून विचारलं, "यात तुमचं नाव कुठे आहे?" पोरगी परत आली ती घरात कोंडून बसली. तिच्याकडे दाखवायला दुसरं काही नव्हतं. विलास छापखान्यातून सुट्टी काढून धुळ्याला गेला, मीही सोबत होतो. नाना म्हणाला, "क्लासतर्फे तिला प्रमाणपत्र देतो. माझी हुशार विद्यार्थिनी म्हणून." विलाससारखा मऊ माणूस टेबलावर हात आपटून ओरडला, "विद्यार्थिनी? तुम्हाला त्यातली एक ओळ तरी वाचता येते का?" नानाने चहा मागवला. आम्ही तो न पिता उठलो. त्यानंतर नाना कुठेही भेटला, लग्नात, बाजारात, कुणाच्या मयतीला, की विलासचा प्रश्न ठरलेला : "नाना, बठ्ठासनं नाव कव्हय टाकशात?" सगळ्यांची नावं कधी टाकणार, एवढंच. स्वतःचं नाव त्याने एकदाही मागितलं नाही.

शोकसभेतही नानानेच भाषण ठोकलं. डोळे पुसले, फोटो काढून घेतले. आणि दहाव्यानंतर कळलं की खेळाच्या पानावर त्याने विलासचं नाव टाकलंय, 'स्नेही कै. विलास यांच्या स्मरणार्थ'. शीतलचं नाही, रमेशचं नाही. मेलेला माणूस वाटा मागायला येत नाही, म्हणून हे औदार्य! मंगलवहिनींना, विलासच्या बायकोला, मी ते दाखवलं. त्यांनी माझ्यासमोरच नानाला फोन लावला.

"नाना, बठ्ठासनं नाव टाका. नहीते त्यासनं बी काढी टाका."

"वहिनी, मी मानाने ठेवलंय हो..."

"एकलाना मान त्यासले नको व्हता," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर विलासचं नाव गेलेलं. बाकीच्यांची टाकण्यापेक्षा हे एक काढणं नानाला सोपं वाटलं. मी तणतणत चाळीसगाव गाठलं. म्हटलं, वहिनी, बघा या माणसाची लायकी. वहिनी भाकरी थापत होत्या. त्यांनी मोबाइल हातात घेतला नाही, नुसतं मान वळवून पाहिलं. मग भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला आणि शांतपणे म्हणाल्या, "बरं झायं, भाऊ. आते बठ्ठा जठे, तठेच तुमना दोस्त."